तवंदीचा घाट, उलट तोंडानं

अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, मोटार हँडल मारल्याशिवाय सुरू होत नसे, आणि मारल्यावरही होईलच असं नव्हतं. कापडी टप, रबरी भोंगा, पितळी दिवे. बेळगावच्या वकिलाला हा खटारा शोभत नाही, असं लोक म्हणत. अण्णांना तो आम्हा मुलींहून लाडका. आक्काच्या सासरी, निपाणीला तंबाखूच्या व्यापाऱ्याकडे, नवी मोटार आली. बटण दाबलं की सुरू, काचा वर केल्या की धूळ बाहेर. मला तीच आवडली, आणि तसं मी सांगितलंही. अण्णा संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत.

पहिल्या बाळंतपणाला आक्काला आणायला ते अर्थातच आपलीच गाडी घेऊन निघाले. मी सोबत. निपाणीला पोचेस्तोवर पेट्रोल तळाला गेलं. आक्काच्या सासऱ्यांनी डबा पुढं केला. पण लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणीही प्यायचं नाही, हा आमच्यातला रिवाज. अण्णांनी तो गाडीलाही लावला. गावात पेट्रोल विकायचे तेही सासऱ्यांचेच भाऊ, म्हणजे तेही बंद.

"घाटापल्याड संकेश्वरला भरतो की," अण्णा म्हणाले.

"पावणं, पोर अवघडलीया," आक्काच्या सासूबाई म्हणाल्या. "घाट चढूस्तोवर आमची गाडी मागनं येऊ द्या." आणि त्यांनी दाजींना, आक्काच्या नवऱ्याला, ती चालवायला बसवलं.

त्या भरल्या घरात नवराबायको दिवसाउजेडी एकमेकांकडे बघत नसत. आता तर कितीतरी महिन्यांची ताटातूट. तरी निघताना दाजी अंगणात रचलेल्या तंबाखूच्या बोदांकडे बघत उभे. मला त्यांचा रागच आला.

तवंदीच्या घाटात आमची गाडी गचके खाऊन थांबली. जुन्या गाडीत पेट्रोल टाकीतून आपल्या वजनानंच इंजिनात उतरायचं. टाकी रिकामी होत आली आणि चढ लागला की ते पोचायचंच नाही. मग एकच उपाय, गाडी फिरवायची आणि घाट मागं मागं चढायचा, म्हणजे टाकी इंजिनाच्या वर राहते. नव्या गाडीला ही कसरत लागत नाही, असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि मुकाट मिटलं.

धक्के कमी बसावेत म्हणून आक्का पुढं, अण्णांच्या शेजारी होती. मी मागच्या सीटवर. अण्णा मान वळवून माझ्या डोक्यावरून रस्ता बघत गाडी चढवत होते. आणि आक्काच्या अगदी समोर, काचेपलीकडे, दाजींची मोटार सावकाश चढत होती. आक्कानं आधी पदर पुढं ओढला. मग तो वाऱ्यानं मागं सरकला, आणि तिनं सरकू दिला. दाजी हसत होते. वडीलधारं असं एकच माणूस हजर होतं, आणि त्याची मान उलट्या दिशेला अडकलेली. मला फार बरं वाटलं. त्या खटाऱ्याला मी मनातल्या मनात सगळं माफ केलं.

माथा आला. अण्णांनी गाडी फिरवून सरळ केली. मागं दाजी परतायच्या तयारीत थांबले होते. आक्काचे डोळे भरून आले.

"लई धक्के बसलं काय गं?" अण्णांनी घाबरून विचारलं.

"न्हाय, अण्णा," आक्का म्हणाली. "पुढं आणिक एक घाट हाय काय?"