रूथच्या आईची वाकी

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय — तेही मला नीट ठाऊक नाही.

इकडे परदेशात, हॅरोला, आमच्या शेजारी रूथ राहते. नर्स आहे, सॉलोमन बेटांवरची. एका हिवाळ्यात तिचं छप्पर गळायला लागलं, तेव्हा तिने तिच्या आईची वाकी आमच्याकडे ठेवायला दिली. दंडात घालायची, झाडाच्या तंतूंनी विणलेली, मध्ये शिंपल्याच्या बारीक चकत्या ओवलेल्या. आई वारल्यावर रूथच्या वाट्याला एवढंच आलं होतं.

मी हिशेबी माणूस. चकत्या मोजून घेतल्या. आणि दुसऱ्याची वस्तू घेतली त्याहून स्वच्छ करून परत द्यावी, हा माझा नेम. वाकी कळकट होती, तिला जुन्या खोबरेलाचा वास येत होता. तेव्हा माझी आई सांगलीहून आमच्याकडे आली होती. ती म्हणाली, "अरे, लोकाची वस्तू आहे, पाण्यात घालू नकोस." मी घातली. रिठ्याच्या पाण्यात, चांदी धुतो तशी.

विणीतला तांबडा रंग पाण्यात उतरला. वास गेला. चकत्या मात्र लखलखीत — एकही कमी नव्हती.

रूथ न्यायला आली. तिने वाकी नाकाशी नेली. पुन्हा एकदा नेली. मग हळूच विचारलं, "ही धुतली का कुणी?"

तो वास तिच्या आईचा होता, हे मला तेव्हा कळलं. खरं बोलायला असा कितीसा वेळ लागतो? मी इंग्रजीत म्हणालो, "माझ्या आईने. तिला समजलं नाही."

आई समोरच सोफ्यावर बसली होती. तिला इंग्रजी येत नव्हतं. रूथ तिच्याजवळ गेली, तिचे दोन्ही हात हातात घेऊन काहीतरी पुटपुटली आणि रडली.

"काय म्हणतीय रे ती?"

"तू आवडलीस म्हणतेय."

"मग रडतीय कशाला, येडी? जेवून जा म्हणावं तिला."

पुढे सांगलीहून प्रत्येक फोनवर आई विचारायची — रूथ कशी आहे? कुणी इकडे येणारं असलं की तिच्यासाठी लाडू पाठवायची. ते लाडू मीच नेऊन द्यायचो. तेव्हा तरी सांगता आलं नसतं का?

गेल्या वर्षी आई गेली. रूथ भेटायला आली. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "त्या वाकीचं मी कधीच मनात ठेवलं नाही. म्हाताऱ्या माणसाकडून व्हायचंच."

मी तिला थँक्यू म्हणालो.