तार कुणी फोडली नाही

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी मी कोल्हापूरच्या वसतिगृहात राहत होतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. कुठल्या वेळी काय करावं हे विचारायला पुढे कुणी नव्हतं. जे सुचेल ते मी करत असे, आणि मग बरोबर केलं का, याचा घोर लागे.

दिवाळीच्या अलीकडे वडिलांचं कार्ड आलं, मास्तरांकडून लिहून घेतलेलं. कापणी उरकली, भात शेतातच वाळत पसरलंय, दोन-तीन दिवसांत भारे बांधून खळ्यावर आणू. त्याच संध्याकाळी रेडिओवर ऐकलं, समुद्रात चक्रीवादळ उठलंय आणि ते कुलाबा जिल्ह्याच्या किनाऱ्याकडे सरकतंय.

मी वाचनालयातला नकाशा काढला. बातमीत वादळ जिथे सांगितलं होतं तिथे पेन्सिलीनं ठिपका दिला. सकाळच्या बातमीनंतर दुसरा ठिपका. तो बराच वर होता. कर्जत सापडलं, पण कशेळ्याजवळचं आमचं गाव नकाशात नव्हतंच. बाहेर कोल्हापुरात स्वच्छ ऊन पडलेलं.

खोलीतला मित्र म्हणाला, "अरे, समुद्र कुठे, तुझं गाव कुठे! डोंगराच्या पायथ्याला कसलं आलंय वादळ?"

पण कापून पडलेल्या भाताला वादळ कशाला हवं, एका रात्रीचा पाऊस पुरतो. लोंब्या पाण्यात राहिल्या की दाण्याला कोंब फुटतात आणि घराचं वर्षाचं खाणं जातं.

मी स्वतः जाऊ शकलो असतो. गेलो नाही. दुसऱ्या दिवशी सहामाहीचा पेपर होता. मी तार करायचं ठरवलं. पोस्टातल्या कारकुनानं माझा मजकूर इंग्रजीत करून दिला: वादळ येतंय, भात घरी आणा. बाहेर पडताना मला बरं वाटलं. वाटलं, शिकल्याचा घरच्यांना काही उपयोग झाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी पेपर देऊन बाहेर आलो तर फाटकापाशी वडील उकिडवे बसलेले. अंगात शेतातलाच सदरा, पायाला वाळलेला चिखल. मला पाहून ते उठले. जवळ येऊन माझे दोन्ही दंड चाचपले.

"हायस?" ते म्हणाले.

मग त्यांनी खिशातून तार काढली. पाकीट फोडलेलंसुद्धा नव्हतं.

आमच्याकडे तार येई ती कुणी गेल्याचीच. मास्तर सुट्टीला गेलेले. आणि परक्या माणसाला आईनं ती फोडू दिली नव्हती.

"गाडीत शिकलेली मान्सं व्हती रं," वडील म्हणाले. "पुन्यात गाडी बदलली, तितंबी व्हती. पर इचारायचं धाडस झालं नाय."

"आणि भात?"

"भारेच बांधीत व्हतो. तार आली न् समदं तसंच टाकलं."

ते निघाल्यावर गावातली माणसंही आपापली शेतं सोडून आमच्या ओटीवर आईपाशी बसली होती. असं घडल्यावर बसतातच. त्या रात्री पाऊस आला.

आम्ही दोघं गावी पोचलो तेव्हा पाऊस उघडला होता. खाचरांत पाणी तुंबलेलं, त्यात भात लोळत होतं. बांधलेले चार-पाच भारे बांधाला टेकून तसेच उभे होते. शेजारची काकू तिच्या खाचरात ओल्या लोंब्या वेचत होती. मला बघून म्हणाली, "आलास का मढ्या! आता खरंच मेलास तरी कारड टाक, तार नको करू." आणि तोंडाला पदर लावून रडायला लागली.

आईनं भाताचं नावसुद्धा काढलं नाही. मला जेवायला बसवलं. मी चार घास खाल्ल्यावर म्हणाली, "वाच तरी, काय लिवलं व्हतंस त्यात?"

मी पाकीट फोडलं आणि मराठीत वाचून दाखवलं. वादळ येतंय, भात घरी आणा.



"ते आभाळाकडं बगून आमाला कळलंच व्हतं रं," आई म्हणाली. "म्हनून तर भारे बांधाया घेतले व्हते."

मग तिनं मडक्यातला गेल्या वर्षीच्या तांदळाचा भात आणखी माझ्या ताटात वाढला.