चार बोटं माया

दुरुस्तीबाईंना कुणी कलाकार म्हटलं की त्यांचं डोकंच फिरायचं. "अहो, बाही बोटभर आखूड करायला कसली आलीय कला? डोळे लागतात नि धीर लागतो," असं म्हणत त्या टाचण्यांची डबी फटकन मिटत. उभा जन्म लोकांचे कपडे उसवण्यात गेला होता. कंबर सैल कर, घेर कमी कर, चेन बदल. कुणी नवं कोरं कापड घेऊन आलं की बाई त्याला दारातूनच वाटेला लावत. वेळ नाही म्हणत. वेळ रग्गड होता, धीर नव्हता. उसवलेलं परत शिवता येतं, कापलेलं कापड परत जोडायचं कसं?

आणि नेमका लेकीनेच हा ताप आणला. तिला कॉलेजात वक्तृत्वाचं बक्षीस मिळालं होतं, ते स्टेजवर जाऊन घ्यायचं होतं. आजवर ती थोरल्या जावेच्या मुलीचे कपडे घालत आली होती. जाऊ पिशवी आणून टाकायची आणि बाई ते कपडे असे आवळून द्यायच्या की लेकीसाठीच शिवल्यासारखे दिसायचे. दिसायचे, एवढंच. खरं काय ते लेकीला ठाऊक होतं. या वेळीही पिशवी आली, पण तिने हात लावला नाही. शिकवण्या घेऊन साठवलेल्या पैशांतून निळं कापड आणलं आणि मशीनवर ठेवलं.

"आई, हे तू शिव."

"मी? टेलरकडे टाक की!"

"मग तू कोण आहेस?"

"मी दुरुस्ती करते!"

"ठीक आहे. मग मी जातच नाही बक्षीस घ्यायला. ताईच्या जुन्या ड्रेसमध्ये तर मुळीच नाही."

पोरगी आईच्या वळणावर गेलेली, बोलली म्हणजे बोलली. बाई रोज त्या कापडाला इस्त्री करायच्या, खडूने रेघ मारायच्या आणि फडक्याने पुसून टाकायच्या. येताजाता लेक विचारायची, "झालं?" आणि बाई खेकसायच्या, "डोकं खाऊ नकोस!"

समारंभ उद्यावर आला तेव्हा सकाळीच बाईंनी मन घट्ट करून कात्री चालवली. आता माया, म्हणजे शिवणीच्या आत राखलेलं जास्तीचं कापड, ही बाईंची दुखरी नस. माया न ठेवणाऱ्या शिंप्यांचा त्यांनी जन्मभर उद्धार केला होता. मग स्वतः बेतताना कशाला हात आखडता घेतील? खांद्याला चार बोटं, बगलेला चार बोटं, जिथे तिथे चार बोटं माया सोडली. तेवढ्यावर भागलं असतं तरी ठीक, पण घाबरून टीपही मारली ती पार कडेला. लागलं तर घेऊ आत!

लेकीने ड्रेस घातला आणि ती त्यात दिसेनाशी झाली.

"आई, यात आपण दोघी मावू."

बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. लेक हसायला गेली, पण तिचे डोळे भरून आले आणि नजर कोपऱ्यातल्या पिशवीकडे गेली. ती नजर बाईंना झोंबली.

"सरळ उभी राहा. हलू नकोस." टाचण्या ओठांत धरून त्या ड्रेसभोवती फिरल्या. "कुठल्या गाढवाने शिवलाय हा!"

"तूच."

"गप्प बस."

पण आता समोर एक बिघडलेला कपडा होता आणि बिघडलेल्या कपड्याला त्या आजवर कधी घाबरल्या नव्हत्या. बगला आत घेतल्या, कंबर धरली. डाव्या खांद्यावरची माया मात्र काही केल्या आत जाईना. एकदा दाबली, दोनदा दाबली, मेली परत वर! वैतागून बाईंनी ती सगळी ओढून बाहेर काढली, तिच्या तिरक्या चुण्या घातल्या आणि खांद्यावरून कंबरेपर्यंत टाचत नेल्या. मग दोन पावलं मागे सरकून बघतच राहिल्या. असं कुणी सांगितलं नव्हतं, कुठल्या ड्रेसवर पाहिलंही नव्हतं. चुण्या सोडल्या, थोड्या खाली घेतल्या, परत टाचल्या. उभं राहून लेकीचे पाय भरून आले, पण ती जागची हलली नाही.

दुपारी शिवून झाल्यावर लेक आरशासमोर उभी राहिली आणि एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने वळून पाहू लागली.

"अगं, बोल ना! कुठे टोचतंय? काखेत काचतंय का?"

"कुठेच नाही."

"असं कसं? काहीतरी असेलच." बाईंनी स्वतः पाठीवरून हात फिरवला, बाह्या ओढून पाहिल्या. खोट सापडेना, तशी त्यांची चिडचिड आणखीच वाढली.

लेकीने चुण्यांवरून अलगद बोटं फिरवली. "आई, हा पहिल्यापासून माझाच ना गं?"

"मग काय माझा आहे, बावळट?" बाई ओरडल्या आणि घाईघाईने मशीनकडे तोंड फिरवून बसल्या, कारण डोळ्यांना लागलेली धार काही केल्या थांबत नव्हती.