मशीनला न चालणारं पाणी

माझा कॉम्प्युटर दुपारी दोनच्या सुमारास आपोआप बंद पडायचा. त्यावर मिळालेले सगळे सल्ले माघार घेण्याचे होते. रात्री चालव. एसी घे. उन्हाळाभर झाकून ठेव. अकोल्यात जठारपेठेतल्या दुकानदाराने तर निकालच देऊन टाकला, "ताई, असलं मशीन आपल्या हवेचं नाही. तुमी पुण्याले असत्या तं गोष्ट वेगळी."

"मी तेल्हाऱ्याले राहते," मी म्हटलं. "हवा बदलत नाही. मशीनच बदलावं लागंल."

"मंग पाणी फिरवा त्यात," तो हसून म्हणाला.

त्याने थट्टा केली होती. मी पंप, नळ्या आणि रेडिएटर मागवून घेतले.

हट्टाला कारण होतं. आमच्या घरी पत्रकांच्या तीन पेट्या आहेत. बाबांनी उभं आयुष्य पत्रकं काढली. पाण्यावर, एसटीच्या फेऱ्यांवर, शाळेच्या गळक्या छपरावर. मी अक्षरं त्या पत्रकांवरच गिरवली; 'अ' हा मला आधी 'अन्याया'चा म्हणून माहीत होता, अननसाचा नंतर. आता ते स्वस्त कागद बोट लावलं की तुटतात. मी एकेका पानाचा फोटो काढते आणि मशीन फिक्या शाईतून अक्षरं वाचून काढतं. रात्री हे जमत नाही, कारण आम्ही तिघं त्याच खोलीत झोपतो आणि मशीनचे पंखे गिरणीसारखे घरघरतात. आमच्याकडच्या एका कोरड्या उन्हाळ्यात कागदाचा किती भुगा होतो, हे मी पाहिलेलं आहे. यंदा थांबायचं म्हणजे एक पेटी घालवायची.

एका पाठकोऱ्या कागदावर मी आराखडा काढला. वर पाण्याची पारदर्शक बाटली, तिच्या खाली पंप. पंपातून पाणी तापणाऱ्या चिपवरच्या तांब्याच्या पोकळ पट्टीत, तिथून रेडिएटरमध्ये, तिथून परत बाटलीत. इंटरनेटवरचे सगळे आराखडे गारेगार खोली गृहीत धरून काढलेले. रेडिएटरवरून जी हवा जाते, तिच्याहून पाणी थंड होऊच शकत नाही, आणि आमच्या खोलीची दुपारची हवा म्हणजे तवा. म्हणून मी रेडिएटर मशीनच्या डब्याबाहेर काढला आणि कूलरच्या तोंडासमोर, तुषार उडणार नाहीत इतक्या अंतरावर, लोखंडी स्टँडवर बांधला. अमरावतीला शिकताना होस्टेलच्या खोलीत हे मशीन पहिल्यांदा जोडलं, तेव्हाही एकाही पुस्तकात कूलर नव्हता.

एक गोष्ट मात्र सगळीकडे बजावून लिहिली होती: या नळ्यांत फक्त क्षार काढून शुद्ध केलेलं पाणी घालायचं. आमच्याकडे त्याला बॅटरीचं पाणी म्हणतात, इन्व्हर्टरमध्ये घालतात ते.

आधी दिवसभर नुसता पंप चालवून गळती तपासायची होती. प्रत्येक जोडाखाली वर्तमानपत्र अंथरलं. नळ्यांतली हवा निघत गेली तशी बाटलीतली पातळी उतरत गेली. ती उतरणार हे मला ठाऊक होतं. मी बॅटरीच्या पाण्याचा दुसरा कॅन आणायला गेले.

परत आले तर बाटली काठोकाठ भरलेली. शेजारी बाबा, हातात तांब्या.

"बाबा, काय टाकलं?"

"पाणी."

"कोणतं?"

"आपलं. बोअरचं. अर्धी बाटली खाली दिसली. कोरडी मोटर जळते, हे लहानपणी तुले कोनं शिकवलं?"

त्यांनीच शिकवलं होतं. आमच्या घरी दुपारच्या झोपेतून जो आधी उठेल त्याने कूलरमध्ये पाणी टाकायचं, हा कायदा आहे. पण आमचं गाव खारपाणपट्ट्यातलं, जमिनीखालचं पाणीच खारं. या पाण्याने कूलरची जाळी एका मोसमात पापडासारखी पांढरी आणि कडक होते. पट्टीतल्या कंगव्याच्या दातांएवढ्या फटी कितीशा टिकल्या असत्या?

मी पेटीतून त्यांचंच एक पत्रक काढलं आणि मोठ्याने वाचलं, "जे पाणी भांड्याला सोसत नाही, ते लेकरांना कसं सोसेल?"

बाबांनी तांब्या खाली ठेवला. मग म्हणाले, "लेकरांनी लय वर्षं तेच पाणी पेलं. तुया मशीनले एक तांब्या नाही सोसला व्हय?"

स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "मशीनसाठी लगेच कॅन आला, माय. आमाले टँकरची वाट पाहाव लागे."

 मी नळ्या सोडल्या. बाबांनी डबा तिरका धरला, मी सगळं पाणी काढलं आणि आतून तीनदा बॅटरीच्या पाण्याने धुतलं. मग नव्याने भरलं आणि बाटलीवर कागद चिकटवला: 'कृपया यात पाणी टाकू नये.' बाबांनी पेन मागितलं, 'कृपया' खोडलं आणि खाली लिहिलं: 'फक्त बॅटरीचं पाणी. खारं पाणी माणसालाही नको.'

दुसऱ्या दिवशी दोन वाजता गल्लीत कुत्रंही नव्हतं. मी मशीनला कालचंच पत्रक वाचायला दिलं. अडीच वाजले. कूलर घुमत होता, बाटलीत पाणी फिरत होतं, आणि पडद्यावर एकेक ओळ काळी, ठसठशीत होऊन उभी राहत होती. बाबा चष्मा पुसून पुढे सरकले. शेवटपर्यंत वाचलं.

"खाली तारीख नाही आली," ते म्हणाले.

"कागद तिथं फाटला आहे. आठवत असंल तं सांगा, टाकते."

"आजची टाक," बाबा म्हणाले. "पाणी तं तेच आहे."

मी आजची तारीख टाकली आणि किती प्रती काढायच्या ते विचारलं.