चिठ्ठीत निघालेलं दार

कौटुंबिक न्यायालयाच्या दारात उभं राहून नावं पुकारायची, एवढंच त्याचं काम. आवाज असा खणखणीत, की जिन्यात भांडणारी जोडपीसुद्धा क्षणभर गप्प व्हायची. तो राहायचा त्या इमारतीत त्याला सगळे भोंगा म्हणत आणि लग्नाला बोलवायचं टाळत. कारण हा गृहस्थ नवरा-नवरीकडे बघून शेजारच्याच्या कानात सांगायचा, "ही दोघं येणार आमच्याकडे."

अशा माणसाच्या मुलीनं स्वतःच लग्न ठरवलं, तिच्या शाळेतल्या चित्रकलेच्या मास्तरशी. भोंग्यानं साफ नकार दिला. "लग्नं टिकत नाहीत. हजारो बघितलीत मी."

मुलगी सातवीला गणित शिकवायची. "बाबा, ती हजारो कुठं बघितलीत?"

"कुठं म्हणजे? कोर्टात!"

"ज्यांचं बिनसलं तेच तिथं येतात. बाकीचे कशाला तडमडतील? दवाखान्यात बसून माणसं मोजली, तर अख्खं गाव आजारी निघेल."

"असेलही," भोंगा म्हणाला.

मुलीनं कपाळाला हात लावला. मग इमारतीत जिथं जिथं नवरा-बायको राहतात, त्या सगळ्या दारांचे नंबर चिठ्ठ्यांवर लिहून पातेल्यात टाकले आणि पातेलं चांगलं हलवलं. "ही सगळी दारं म्हणजे समष्टी. डोळे मिटून उचलाल त्या चार चिठ्ठ्या म्हणजे नमुना. चार फारच थोड्या आहेत, पण तुमचे गुडघे बघता तेवढ्यावर भागवू. निम्म्याहून जास्त संसार मोडकळीला आलेले दिसले, तर मी मास्तरला नाही म्हणते."

भोंगा मोठ्या उमेदीनं निघाला. पहिल्याच घरी पंख्यावरून कडाक्याचं भांडण! त्याला उकळ्या फुटल्या. "मग कधी येताय?"

"कुठं?" दोघांनी एका सुरात विचारलं, त्याच्या हातात चहा दिला आणि भांडण पुढं चालू केलं. दुसऱ्या घरी आजोबांनी आजींशी अबोला धरला होता आणि तिचाच चष्मा पुसत बसले होते. तिसऱ्या घरी दोघांनी मिळून त्याला हाकलून दिलं.

चौथी चिठ्ठी उघडून तो थबकला. नंबर त्याच्याच दाराचा होता.

त्यानं बेल दाबली. "किल्ली विसरलात?" बायकोनं विचारलं.

"नाही. तुझी काही तक्रार आहे का?"

तिनं ओले हात फडक्याला पुसले. "बसा. वेळ लागेल."

घोरणं, पलंगावरचे ओले टॉवेल, तिच्या माहेरच्यांसमोर केलेले विनोद, सगळं बाहेर निघालं. भोंग्याचा चेहरा पडला. "एवढं होतं तर कोर्टात का नाही आलीस?"

"आलं होतं एकदा मनात. दिवसभर परक्या बायकांची नावं घसा फोडून पुकारता. मला मात्र जन्मभर नुसतं 'अगं'. म्हटलं, तिथं तरी तुमच्या तोंडून माझं नाव ऐकायला मिळेल."

तो उठला, दारात ताठ उभा राहिला आणि कोर्टातल्या आवाजात त्यानं बायकोचं नाव पुकारलं. वरच्या मजल्यावरची दारं फटाफट उघडली.

"हजर," ती म्हणाली आणि लाजून आत पळाली.

मुलगी जिन्यात उभी होती. "मग बाबा, निकाल?"

"रविवारी बोलाव मास्तरला," तो म्हणाला. "पण आधी सांग, तो तुला हाक काय मारतो?"