मेलेल्या मुलीची खोली

पीएचडीला प्रवेश मिळाला तेव्हा वसतिगृहात मला दुसऱ्या मजल्यावरची कोपऱ्यातली खोली मिळाली. मिळाली म्हणजे माझ्या माथी मारली. त्या खोलीत एक मुलगी मेली आहे, हे मी सामान आत ठेवायच्या आधीच मला कळलं होतं. एकीच्या मते सापानं, दुसरीच्या मते तापानं, आणि आणखी एक नुसतीच गळ्याशी हात नेऊन गप्प झाली. ज्या मुलींचे वडील कार्यालयात जाऊन आवाज चढवू शकत, त्यांना लगेच खोली बदलून मिळायची. काहीजणी सरळ बोरगाव मेघेत भाड्यानं राहायच्या. उरलेल्या आमच्यासारख्यांच्या वाट्याला कोपरा. मेलेली मुलगीही आमच्यातलीच, हिंगणीकडच्या एका गावातली गोंडाची पोर, असं सांगत. भुताचीसुद्धा जात विचारून ठेवली होती या लोकांनी.

मी चिडले. पण घाबरले नाही म्हटलं तर ते खोटं ठरेल. दुपारी वारा सुटला की खिडकी आपटायची. तिच्या कडीला कुणीतरी सुतळी बांधली होती, ती आता ढिली पडली होती आणि गाठ काही केल्या सुटत नव्हती. पलंगाच्या उशाशी भिंतीवर तेलाचा डाग होता, डोकं टेकून टेकून पडलेला. मी तिथं टेकून बसले की माझं डोकं नेमकं त्याच डागावर यायचं. संध्याकाळी वाचत बसले की पान उलटताना हात थांबायचा. वाटायचं, मागून वाचणारीचं अजून वाचून झालेलं नसेल.

आमच्या घरी मेलेल्या माणसाला हाकलत नाहीत. त्याला घरात जागा देतात आणि जेवायच्या आधी त्याच्या नावाचा घास काढून ठेवतात. मी तेच सुरू केलं. मेसमधून ताट वर आणायचे, भाताचा पहिला घास खिडकीत ठेवायचे आणि म्हणायचे, "ताई, जेव." भात चिमण्या खायच्या, तरी मला बरं वाटायचं. चर्चासत्रात माझ्या तोंडून चुकून 'मले' निघालं की मागच्या बाकांवर खसखस पिकायची. वर आले की मी तिला सगळं सांगायचे. त्या अख्ख्या इमारतीत मला न हसणारी तेवढी एकच होती.

विद्यापीठात समान संधी केंद्र होतं. म्हणजे एक पाटी, एक कपाट आणि वर्षातून एकदा आम्हाला पारंपरिक वेशात उभं करून काढलेला फोटो. मग नव्या मॅडम आल्या आणि केंद्राला जाग आली. संशोधन अर्ध्यावर सोडून गेलेल्यांना गाठायचं, का गेलात ते विचारायचं आणि परत आणता आलं तर आणायचं, असं त्यांनी ठरवलं. आमच्यातून मदतीला म्हणून मला घेतलं. माझ्या खोलीतल्या मुलीचा विषय मी काढलाच नाही. मेलेल्या माणसाला परत कसं आणणार, असं मला वाटलं.

त्या उन्हाळ्यात हिंगणीच्या पुढं एका गावात नात्यातल्या लग्नाला गेले. पंगतीत वाढणाऱ्या एका सडपातळ बाईनं मी विद्यापीठात शिकते असं ऐकलं आणि वरणाची बादली बाजूला ठेवून ती माझ्यासमोर उकिडवी बसली.

"होस्टेलातच राहून राह्यली का वो?"

"हो, ताई."

"कोन्ती खोली?"

"दुसऱ्या मजल्यावरची. कोपऱ्यातली."

"खिडकी अजून आपटते का? म्या सुतळी बांधून ठेवली होती."

माझ्या हातातला घास हातातच राहिला. तोंडातून निघून गेलं, "तुम्ही तर मेल्या ना?"

ती हसली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली, आणि मग एकदम थांबली.

"काह्यानं मेली म्हनतात?"

"कुणी साप म्हणतं, कुणी ताप."

"तापच होता. टायफॉइड. बाबा घरी घेऊन आले. बरी झाल्यावर वाटलं, कोनी तरी बोलावन. सर बोलावतीन, ऑफिस बोलावन, नाई तं एखादी पोरगी फोन करन. लय वाट पाह्यली. मंग लागली रोपवाटिकेत, पिशव्यांत माती भराले."

"तुम्हीच का नाही गेल्या परत?"

"तिथं होती तवाच कोनी बोलत नोतं माह्याशी. न बोलावता कोन्त्या तोंडानं जाऊ?"

घरी आल्यावर मी आईला सगळं सांगितलं, घासाचंसुद्धा. आईचा चेहरा पांढराफटक पडला.

"जित्या मानसाच्या नावानं घास ठेवला? येड लागलं का तुले? त्या पोरीचं आयुष्य तोडून राह्यली तू!"

मी समाजशास्त्राची विद्यार्थिनी. अशा समजुतींवर मी पानंच्या पानं लिहिली होती. त्यातलं एकही वाक्य तेव्हा कामाला आलं नाही. तिला काही झालं तर, एवढा एकच विचार डोक्यात होता.

"आता काय करू?"

"घरी आन तिले. आपल्या हातानं जेवाले घाल. जित्या मानसासारखी."

रविवारी मी तिच्या दारात उभी राहिले आणि म्हणाले, "आईनं तुम्हाला जेवायला बोलावलंय." का म्हणून तिनं विचारलं नाही. पदर सारखा केला आणि चपला घातल्या. आईनं तिला पाटावर बसवलं आणि पहिला घास स्वतः तिच्या तोंडात घातला. तिनं तो चावला, गिळला, तेव्हा मला रडू फुटलं. हात धुताना ती भिंतीकडे बघत म्हणाली, "माह्यं गवतायवरचं काम अर्धंच राह्यलं. बोरच्या जंगलातले गवतं. अजूनही येता-जाता पाह्यत राह्यते मी." मी तिथंच मॅडमना फोन लावला.

तिच्या पीएचडीची मुदत संपत आली होती. विद्यापीठाच्या संशोधन समितीनं वाढवून दिली तरच नोंदणी टिकणार होती, नाहीतर ते गवताचं काम कायमचं गेलं असतं. मॅडमनी त्यासाठी बऱ्याच जणांशी वाकडं घेतलं. मुदत मिळाली, ते आधीच सांगून टाकते. ती आता माझ्याच खोलीत, समोरच्या पलंगावर असते. बाहेर नव्या मुलींना त्या खोलीतल्या मेलेल्या मुलीची गोष्ट अजून सांगतात, कधी कधी ती बादली घेऊन शेजारून जात असताना. तिचं मरण सगळ्यांना ठाऊक आहे, तोंड कुणालाच ठाऊक नाही. आणि मी? दुपारी ती झोपली की मी अजून पुस्तकावरून मान वर करून बघते, तिचा श्वास चालू आहे ना.

समितीच्या दिवशी तिच्यासोबत मला आत बसू दिलं होतं. ती इस्त्रीची साडी नेसून आली होती आणि दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून बसली होती. अध्यक्ष माणूस म्हणून वाईट नव्हते. चष्मा काढून त्यांनी अगदी मायेनं विचारलं, "इतकी वर्षं तुम्ही होतात तरी कुठं?"

तिनं वर पाहिलं. आवाज चढवला नाही.

"घरीच होती, सर. पत्ता तुमच्यापाशी होता."