चहातली खोटी साखर

"थुंका! तात्या, आधी थुंका!"

आत्याचे भाडेकरू लेंग्याची नाडी सावरत स्वयंपाकघरात घुसले, तेव्हा तात्या, म्हणजे आत्याचे यजमान, चहाचा शेवटचा घोट बशीत ओतत होते.

साऱ्या मुळशी तालुक्यात या भाडेकरू गृहस्थांइतका भित्रा जीव जन्मला नाही. नोकरी पुण्याच्या प्रयोगशाळेत, पण तिथल्या गर्दीला भिऊन उरवड्यात आत्याच्या पुढच्या खोलीत राहिलेले. यष्टीत चढण्याआधी ते ड्रायव्हरची नाडी बघत, असं मी सांगतो आणि कंडक्टर शपथेवर सांगायचा. मांजराला, मुंग्यांना आणि मला भिऊन त्यांनी खोलीतल्या प्रत्येक बरणीवर चिठ्ठी चिकटवून लाल शाईने 'विष' लिहिलं होतं. मिठावर, साखरेवर, लिंबाच्या लोणच्यावरसुद्धा. घरातली साखर संपली की आत्या त्या 'विषा'तून बिनघोर वाटी भरून आणायची.

पेशी खाल्लेल्या अन्नाचं काय करते, हे शोधायला ते तिच्या वाटेत औषधाचा अडसर घालत. "पौड रस्त्यावर बैलगाडी आडवी लावा," ते म्हणत, "यष्ट्या कुठं तुंबतात ते बघा. रस्ता आपोआप कळतो." त्यांचा सगळ्यात लाडका अडसर म्हणजे खोटी साखर. पेशी तिला खरी समजून आत घेते आणि तिथंच वाट अडते. सात महिने वाट पाहून परदेशातून अंगठ्याएवढी बाटली आली होती. रविवारी यीस्टवर प्रयोग करायचा म्हणून ती घरी आणलेली.

"वहिनी, किती घातलीत?"

"समदीच. तात्यांना ग्वाड लागतं."

"अहो, वर विष लिहिलं होतं!"

"व्हय, लिवलं व्हतं की. मिठावर बी त्येच लिवलंय."

गृहस्थ चुन्यासारखे पांढरे पडले. "गूळ आणा! खरी साखर वाढली की खोटी मागं रेटली जाते!" मी सायकल हाणत पिरंगुटहून डॉक्टर आणला, तोवर तात्यांनी अर्धी ढेप संपवली होती. अंगाला घाम, पोटात आग. पेशी उपाशी राहिल्या की माणूस असाच घामाघूम होतो, वखवखतो, म्हणे. पण तात्या तर जन्मापासून तसेच! विष कुठं संपतं आणि तात्या कुठं सुरू होतात, डॉक्टरलाही कळेना. "संध्याकाळपर्यंत नजर ठेवा," एवढंच तो म्हणाला.

दिवसभर भाडेकरूंनी तात्यांचं मनगट सोडलं नाही. त्यांचाच हात इतका थरथरत होता की ठोके दुप्पट मोजले जात. आत्या चुलीपाशी बसून गूळ फोडत होती.

उन्हं कलली तसा तात्यांचा घाम सुकला. "भाकरी नगं आता," ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच. आमच्या काळजाचं पाणी झालं. मग त्यांनी ढेकर दिला आणि घोरू लागले. आत्याने पदराने डोळे पुसले.

रिकामी बाटली उंबऱ्यापाशी पडली होती. सात महिन्यांबद्दल गृहस्थांनी अवाक्षर काढलं नव्हतं. मीच विचारलं, "आता तुमचा प्रयोग?"

त्यांनी तात्यांचं मनगट हलकेच अंथरुणावर ठेवलं.

"आधी मिठावरची चिठ्ठी काढतो."